कंसातलं नाव

पेपरातली कात्रणं ठेवायची माझी जुनी खोड, आणि त्यांवर लाल शाईने शेरा मारायची त्याहून जुनी. महसूल खात्यात उभी हयात गेली. आधी तलाठी, मग मंडळ अधिकारी; निफाड, सिन्नर, इगतपुरी असं नाशिक जिल्ह्यातच फिरलो. हातात लाल पेन असलं की समोरचा कागद तपासायलाच आलाय असं वाटतं. एप्रिल २०२४ मधल्या एका कात्रणावर मी असाच शेरा मारला होता. एकच शब्द: फेकाफेक.

बातमी वासुकीची होती. कच्छमधल्या पानंध्रोच्या कोळसाखाणीत मिळालेल्या २७ मणक्यांवरून आयआयटी रुडकीच्या देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी एका नव्या सापाचं वर्णन केलं, नाव ठेवलं वासुकी इंडिकस. काळ ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा, लांबी ११ ते १५ मीटर. माझी भाची भूशास्त्रात एम.एस्सी. करते. रविवारी मिसळ खायला ती घरी आली आणि कात्रण बघून तिचा घास तिथेच थांबला.

"मामा, हे तुम्ही लिहिलंय?"

"मग काय तर. सत्तावीस मणके, आणि त्यावरून पंधरा मीटर? आमच्याकडे अर्धा गुंठा इकडचा तिकडे झाला तर मोजणी आणावी लागते."

"अकरा ते पंधरा म्हटलंय. मोजायच्या दोन पद्धती लावल्या, दोन आकडे आले, दोन्ही छापले. तुमच्या मोजणीवाल्याने कधी दोन आकडे दिले होते?"

मी विषय बदलला. पण वाद तिथे संपला नाही, कारण माझी खरी तक्रार लांबीची नव्हतीच. माझी तक्रार होती नावांची. हे लोक चार हाडांना नाव ठेवतात, दहा वर्षांनी दुसरा येऊन ते बदलतो, पुढे तिसरा येतो. ज्या दप्तरात इतकी खाडाखोड त्यावर विश्वास कसा ठेवायचा? आणि मनात आणखी एक होतं, ते उघड बोललो नाही: हे सगळं कच्छ आणि जबलपूरकडचं. आपल्याकडे काय आहे? काळा कातळ. सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, तिथे लोक स्फटिक बघायला येतात. लाव्हाच्या दगडात हाडं सापडत नाहीत, हे मला शाळेत शिकवलं होतं आणि मी ते पुढे कित्येकांना ऐकवलं होतं.

पुढच्या खेपेला भाची एक कागद घेऊन आली. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनासोरांच्या शेवटच्या काळातल्या गाळाचे थर उघडे पडलेत. त्या थरांतल्या एका कासवाचं नाव कागदावर होतं: जैनेमिस पिसदुरेन्सिस (जैन, १९७७).

मी कंसावर बोट ठेवलं. "हे बघ. जैन कटले."

सातबारा ज्याने हाताळलाय त्याला वेगळं सांगायला नको. नावाला कंस झाला म्हणजे माणूस त्या जमिनीतून गेला. मेला असेल, जमीन विकली असेल, वाटणी झाली असेल. कंस म्हणजे संपला. मी आयुष्यात शेकडो नावांना कंस केलेत. त्यामुळे जैनांचं नाव कंसात बघून मला एक प्रकारचं समाधानच झालं. बरोबर आहे, म्हटलं, चुकीची नोंद होती, निघाली.

भाची हसली. तिचं हसणं तिच्या आईसारखं आहे, समोरच्याला आधीच हरल्यासारखं वाटतं. म्हणाली, "उलटं आहे, मामा. कंस आहे म्हणजे जैन कायम आहेत."

मग तिने जे सांगितलं त्याला मिसळीची दुसरी प्लेट लागली. सोहनलाल जैन यांनी १९७७ साली पिसदुऱ्याच्या एका कवटीवरून कासवाची नवी जात वर्णन केली. त्या वेळी तिला त्यांनी ब्रह्मदेशातल्या एका कासवाच्या वंशात घातलं, श्वेबोएमिस पिसदुरेन्सिस म्हणून. पुढे ती कार्टेरेमिस या वंशात गेली. २०२० साली वॉल्टर जॉइस आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी पुन्हा तपासणी केली, दोन्ही वंश तिला बसत नाहीत असं ठरवलं आणि नवा वंश केला. त्याला नाव दिलं जैनांचंच. आता नियम असा: जात पहिल्यांदा ज्याने वर्णन केली त्याचं नाव आणि वर्ष तिच्यापुढे लिहायचं. जात आज वेगळ्या वंशात असेल, तर ते कंसात घालायचं. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की याने नोंद केली, पण घर दुसरं दिलं होतं. 'पिसदुरेन्सिस' हे गावाचं नाव तर तीन घरं फिरूनही हललेलं नाही.

मी कितीतरी वेळ त्या कंसाकडे बघत बसलो. खाडाखोड नव्हती ती. फेरफार होता, आणि आमच्यापेक्षा चांगला ठेवलेला. आमच्याकडे जुना सातबारा फाटला की मागचा माणूस शोधायला जुनी दप्तरं पालथी घालावी लागतात. इथे नावाच्या शेपटीलाच त्याचा पहिला फेरफार बांधलेला.

तरी मी सहज मानणारा नाही. म्हटलं, ठीक आहे, दुसऱ्याची चूक दुसऱ्याने काढली. स्वतःची कोण काढतो?

त्यावर तिने मोहबे यांची हकिकत सांगितली. खरं सांगायचं तर माझं मत हललं ते इथे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना १९८०च्या दशकात गुजरातेत धोली डुंगरीला डायनासोरची अंडी मिळाली, आणि एका दगडात अंड्यांशेजारी बारीक हाडं. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू, असं त्यांनी १९८७ साली छापलं. त्यावर चौदा वर्षं गेली. २००१ साली अमेरिकेतले जेफ्री विल्सन तो दगड बघायला आले आणि त्यांना त्यातले काही मणके निराळे दिसले. सापाच्या मणक्यांचे सांधे एकमेकांत अडकणारे असतात, तसे ते होते. दगड साफ केल्यावर दिसलं की फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून एक साप आहे, साडेतीन मीटरचा, आणि शेजारी पिल्लाची हाडं. म्हणजे पिल्लू होतं, पण त्याला खायला आलेला सापही होता. २०१० साली त्या सापाचं नाव जाहीर झालं, सनाजेह इंडिकस. लेखावर पहिलं नाव विल्सन यांचं, दुसरं मोहबे यांचं.

"त्यांनी स्वतःच सही केली?" मी विचारलं.

"हो. आपल्याच १९८७च्या लेखाच्या दुरुस्तीवर."

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी घरीही कधी नीट सांगितलेली नाही. एका गावात मी तलाठी असताना एक खातेदार वारला. दोन मुलांनी वारसाचा अर्ज दिला, पंचांनी सह्या केल्या, मी वारस नोंद घातली. नोटीस लागली, पंधरा दिवसांत हरकत आली नाही, नोंद प्रमाणित झाली. वर्षभराने एक बाई चावडीत आली. खातेदाराची लेक, लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात दिलेली. म्हणाली, "भाऊसाहेब, माझं नाव नव्याने घाला म्हणत नाही मी. सुटलंय, तेवढं लिहा." आणि मी तिला बसवून ठेवलं. एकदा नाही, चार वेळा. नोंद प्रमाणित आहे, अपिलात जा, हे उत्तर कायद्याने बरोबर होतं. पण मी ते कायद्यासाठी देत नव्हतो. पंचांना एक शब्द विचारला असता तर लेक आहे हे मला कळलं असतं. मी विचारला नव्हता, आणि माझ्या रजिस्टरात माझीच नोंद रद्द झालेली मला बघवणार नव्हती. बाई प्रांतांकडे गेली, जिंकली, नोंद रद्द झाली. नवी नोंद मीच घातली, पण तिच्याशी बोललो नाही. खाडाखोडीवरचा माझा सगळा राग किती जुना आहे, ते मला मोहब्यांच्या सहीने कळलं.

त्यानंतर मी भाचीकडे मागून मागून माहिती घेऊ लागलो. त्यातली एक तर माझ्यातल्या जुन्या तलाठ्याच्या मनात भरावी अशीच. भारतात सापडलेला पहिला डायनासोर म्हणजे जबलपूरचे मणके, १८२८ साली स्लीमनला मिळालेले. १८७७ साली लायडेकरने त्यावर टायटनोसॉरस इंडिकस नाव ठेवलं. पुढे मूळ मणके हरवले. ज्या नमुन्यावर नाव बेतलं तोच जागेवर नाही. म्हणजे फेरफार रजिस्टर आहे आणि जोडलेले दस्तच गहाळ. २०१२ साली त्यातला एक मणका कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात मिळाला. शोधणाऱ्यांत पुन्हा मोहबे होतेच. पण गंमत अशी की तोवर, २००३ साली, विल्सन आणि अपचर्च यांनी ते नावच निकालात काढलं होतं. जे लक्षण खास म्हणून १८७७ साली सांगितलं होतं, ते पुढे जगभरच्या डझनभर प्राण्यांत निघालं. त्याच लेखात चंद्रपूरच्या डोंगरगावचा, १९९७ साली टायटनोसॉरस म्हणून नोंदलेला प्राणी वेगळा काढून त्याला इसिसॉरस हे नाव दिलं. इसि म्हणजे आयएसआय, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था. आकडेमोडीच्या संस्थेचं नाव आपल्या विदर्भातल्या राक्षसाला लागलंय. लांब पुढचे पाय, आखूड जाड मान, असा काहीसा तरसासारखा उतरता बांधा.

एकदा तिच्या विभागात गेलो. टेबलावर ट्रेमध्ये पिसदुऱ्याचं एक दगडी लेंडूक होतं. मुठीएवढं, तपकिरी, एका बाजूला चिमटा बसल्यासारखं. हातात घेतलं तर चांगलं जड. जनावर मरून ६ कोटी ६० लाखांवर वर्षं झाली आणि त्याचं शेण माझ्या तळहातावर. मला वाटलं होतं हे गमतीपुरतं ठेवलंय. पण पिसदुऱ्याच्या अशाच लेंड्यांत वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गवताचे सूक्ष्म वाळूकण मिळाले, २००५ साली ते छापून आलं. तोवर डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं असंच धरून चालत. एका लेंडकाने पुस्तकातली कुरणं हलवली. शेणाला आम्ही शेतकरी लोक कमी लेखत नाही, पण इतका पुरावा त्यात असेल असं वाटलं नव्हतं.

राहिला काळा कातळ. पावसाळा सरल्यावर आम्ही दोघं कसारा घाटात थांबलो. कापलेल्या कड्यात दोन काळ्या थरांमध्ये हातभर जाडीचा लाल पट्टा होता. सिन्नरकडे विहीर खणताना अशी लाल माती लागली की मजूर 'गेरू लागला' म्हणायचे, मी पंचनाम्यातही तसंच लिहिलंय. भाची म्हणाली, ती जमीन आहे. खालचा लाव्हा थंड झाला, उन्हापावसात कुजला, माती झाली, मग वरून पुढचा लोट आला आणि ती भाजली. दोन लोटांमध्ये इतका वेळ गेला की माती व्हावी. कुठे कुठे तळीही झाली. मुंबईत वरळीच्या टेकडीत दोन लोटांमधल्या अशाच तळ्याच्या गाळात बेडूक आणि कासव सापडलं होतं. त्या कासवाचं वर्णन कार्टरने १८५२ सालीच केलंय, आणि ते आज ज्या वंशात आहे त्याला कार्टरचंच नाव आहे. मी ज्या इगतपुरी तालुक्यात नोकरी केली त्याच्या नावाने लाव्हाचा एक थरसमूह जगभरच्या भूशास्त्रात ओळखला जातो, हेही मला त्याच घाटात उभं राहून कळलं. माझ्या सजेतला दगड, आणि मी त्याला 'पोटखराब' लिहीत होतो.

अजूनही पेपरातलं 'जगातला सर्वांत मोठा' वाचलं की माझा हात लाल पेनाकडे जातो. ते जाणार नाही. पण घाटातून घरी आल्यावर वासुकीचं कात्रण काढलं. 'फेकाफेक' खोडायचं नव्हतं. त्या शब्दाला सरळ कंस केला, खाली तारीख घातली आणि लघुस्वाक्षरी केली.