सयामांत मांसविरति

इ. स. २०१९ मध्यें आम्ही सहकुटुंब थायलंडास, म्हणजे पूर्वींच्या सयाम देशास, जाऊन आलों. बँकॉकच्या विमानतळाचें नांवच ‘सुवर्णभूमि’! शहरांत पेढीस ‘थनाखान’ म्हणतात, तें आपलें धनागार. शिक्षकास ‘ख्रू’, तो आपला गुरु. आम्ही हर्षभरित झालों. परंतु व्युत्पत्तीनें पोट भरत नाहीं. तिकडे नुसत्या भाजींतहि बहुधा माशांचा खारट रस घालतात.

एका खानावळींत ‘व्हेजिटेरियन’ म्हणून झालें, हातवारे झाले. मालकीणबाई हंसून कोंबडीच दाखवीत. तेव्हां शेजारीं जेवीत असलेल्या एका विद्यार्थ्यानें त्यांस एकच शब्द सांगितला: ‘मङ्सविरत्’. अहो, मांसविरति! लागलीच भाजीभात आला; पण वर तळलेलें अंडें! त्या शब्दाला अंडें वर्ज्य नाहीं. तें नको असल्यास ‘चे’ म्हणावें, असें विद्यार्थ्यानें इंग्रजींत सुचविलें. ‘चे’ म्हणतांच अंडें गेलें, आणि त्याबरोबर कांदालसूणहि. ऐन चातुर्मासाचें पान!

पावतीवर साल २५६२ होतें, कारण तेथें बुद्धशक चालतो. आमची मंडळी म्हणाली, “जेवायला उशीर झाला खरा, पण ५४३ वर्षें?”