अर्धविरामापुढील ओळी

लोणावळ्याच्या बाजारपेठेत चिक्कीच्या दुकानांच्या पाट्यांकडे सर्वांचेच लक्ष जाते. हाती पडणाऱ्या बिलाकडे मात्र क्वचितच कोणी निरखून पाहते. त्या बिलावर दुकानाचे नाव, मालाचा दर, सूट हे सारे येते कोठून? संगणकाच्या मूळ आज्ञावलीत ते बहुधा लिहिलेले नसते. तिच्या शेजारी साध्या मजकुराची एक फाईल असते; तिला कॉन्फिगरेशन फाईल म्हणतात. चौकटी कंसात विभागाचे नाव आणि त्याखाली ‘सुट्टी = बुधवार’ अशा ओळी, एवढेच तिचे रूप. अर्धविरामाने आरंभ होणारी ओळ ही माणसाने माणसासाठी लिहिलेली टीप असते. यंत्र ती ओलांडून पुढे जाते.

आमच्या परिचयाच्या एका दुकानात अशी फाईल वडगावच्या एका वृद्ध हिशेबनिसांनी वर्षानुवर्षे सांभाळली होती. त्यांच्या टिपा आम्ही स्वतः वाचल्या होत्या. एक टीप अशी होती : ‘कामशेतहून शेंगा आणणाऱ्या मावशींचे पैसे उधारीत धरू नयेत, त्याच संध्याकाळी द्यावेत.’ व्यापारी शहाणपण आणि माणुसकी यांचा असा संगम आम्ही मोठमोठ्या खातेवह्यांतही फारसा पाहिलेला नाही.

हिशेबनीस निवर्तले. पुढे मालकांच्या चिरंजीवांनी पडद्यावरूनच दर बदलता यावा अशी सोय करून घेतली. आज्ञावली पायथॉन भाषेतली. फाईल वाचण्या-लिहिण्याचे काम त्या भाषेबरोबरच मिळणाऱ्या ‘कॉन्फिगपार्सर’ या लायब्ररीकडे, म्हणजे आयत्या आज्ञांच्या संचाकडे, सोपविलेले. पहिल्याच दिवशी एक दर बदलला गेला आणि फाईलमधील झाडून साऱ्या टिपा नाहीशा झाल्या. बिले बिनचूक छापली जात होती, त्यामुळे कोणाच्या काही लक्षातच आले नाही. मावशी तिसऱ्या आठवड्यात पैशांविषयी विचारू लागल्या, तेव्हा शोध सुरू झाला.

यात लबाडी कोणाचीच नव्हती. ही लायब्ररी फाईल वाचते तेव्हा नावे आणि त्यांची मूल्ये तेवढी स्मरणात ठेवते व टिपा सोडून देते. लिहिण्याची वेळ आली की स्मरणात असेल तेवढेच पुन्हा कागदावर उतरविते. मूळ फाईलमधील टिपा लेखनात टिकत नाहीत, असे तिच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट नमूद आहे. वाचणाऱ्याला विसरण्याची मुभा असावी. लिहिणाऱ्याला ती असू नये, असे आमचे मत आहे.

आपल्या लिपीची कथा याहून मौजेची. युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठविले जाते. पायथॉनच्या ३.१४ पर्यंतच्या आवृत्त्यांत ही पद्धत स्पष्टपणे सांगितली नाही, तर विंडोजवर फाईल बहुधा पश्चिम युरोपीय भाषांच्या १२५२ क्रमांकाच्या तक्त्याने वाचली जाते. मग ‘शेंगदाणा’ हा शब्द विचित्र रोमन खुणांच्या रूपाने का होईना, पण आत येतो. ‘चिक्की’पाशी मात्र गाडी अडते, कारण अक्षराचा पाय मोडणाऱ्या चिन्हाच्या तिसऱ्या बाइटला त्या तक्त्यात जागाच नाही! जोडाक्षराने अडणारा विद्यार्थी आपण पाहिला आहे. येथे यंत्रच अडते. ‘सूट = १०%’ लिहिले तरी हीच लायब्ररी कुरकुरते; टक्क्याचे चिन्ह दोनदा द्यावे लागते.

आणि मावळचा पाऊस! आषाढात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. लिहिण्यासाठी फाईल नेहमीच्या रीतीने उघडली की तिचा जुना मजकूर आधी पुसला जातो. नेमकी त्याच क्षणी वीज गेली तर रिकामी फाईल हाती येते. म्हणून नवा मजकूर आधी निराळ्या फाईलमध्ये पूर्ण लिहावा, तो तबकडीवर उतरल्याची खात्री करावी आणि मगच तिला जुनीचे नाव द्यावे. ही काळजी वरील लायब्ररी घेत नाही. ती आज्ञावली लिहिणाऱ्यानेच घ्यायची असते.

टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २०१३ साली ‘टॉमल’ नावाची फाईलची नवी रीत मांडली. २०२२ साली पायथॉनने ती वाचण्याची लायब्ररी आपल्या मूळ संचात घेतली, परंतु लिहिण्याची घेतली नाही. टिपा आणि मांडणी कशी राखावी हा प्रश्न त्यामागील कारणांपैकी एक होता. हा संयम आम्हांस फार आवडला. टिपा जशाच्या तशा राखून लिहिणारी ‘टॉमलकिट’ ही लायब्ररी वेगळी मिळते.

दुकानात आता दोन फाईली आहेत. दरांच्या फाईलमध्ये पडद्यावरून फेरफार होतात. दुसरी आज्ञावली केवळ वाचते, लिहितो तो माणूस. मावशींच्या पैशांची ओळ आम्हांस पाठ होती, ती त्यांच्यासमक्षच पुन्हा लिहिली गेली. दोन ओळी जुन्या कारागिराला आठवत होत्या. बाकीच्या गेल्या.