ठाण्याच्या किल्ल्यातली शिबंदी

आज ज्या तटबंदीच्या आत ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे, तिच्यावर 1774 च्या डिसेंबरात मुंबईकर इंग्रज तोफा घेऊन चालून आले. आतल्या शिबंदीने किल्ला सहज दिला नाही. एका रात्री खंदक बुजवायला आलेली इंग्रजी पलटण तिने मोठे नुकसान करून परतवली. दुसऱ्या दिवशी निकराचा हल्ला झाला, किल्ला पडला आणि आतल्या बहुतेक लोकांची कत्तल झाली. इंग्रजी कागद आणखी एक गोष्ट सांगतात. वेढ्याच्या आधी खुद्द किल्लेदाराने पैसे घेऊन किल्ला देण्याचे बोलणे लावले होते, पुण्याहून कुमक आल्यावर ते फिसकटले. सौदा वर चालू होता आणि पहारा खाली चालू होता. ज्यांनी सौदा केला नाही तेच तटावर मेले. यादवीतल्या शिपायाची निष्ठा धन्याच्या बाजूवरून ठरवणे हा अन्याय आहे, असे मला वाटते ते यामुळेच. ती निष्ठा त्याच्या रोजच्या कामात शोधली पाहिजे.

या लढाईला यादवी कशी म्हणावी, ती तर इंग्रजांशी झाली, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात पेशवे नारायणरावांचा खून झाला नसता, त्यांचे काका राघोबादादा आणि दादांविरुद्ध एकवटलेले बारभाई कारभारी यांच्यात दौलत दुभंगली नसती, तर ठाणे ज्या बेटावर आहे त्या साष्टीवर हात टाकण्याची संधी मुंबईकरांना इतक्या लवकर मिळाली नसती. इंग्रजांशी उघड लढाई जुंपण्याआधीच, 1774 च्या मार्चमध्ये, पंढरपूरजवळ कासेगावला मराठी फौजच मराठी फौजेवर तुटून पडली होती आणि बारभाईंचे सेनापती त्र्यंबकमामा पेठे तिथे कामी आले. इकडे कोकणात तर दोन्ही तळांवर ओळखीची भाषा ऐकू येत असणार. मुंबईच्या पलटणींत कोकणातले मराठे होते, महार होते, मराठी बोलणारे बेने इस्रायली होते. उलट पुण्याच्या गारद्यांत पुरभय्ये आणि अरब होते. त्यातच 1776 मध्ये सदाशिवरावभाऊंचा तोतया रत्नागिरीच्या कैदेतून सुटला आणि किल्ल्यामागून किल्ले घेत थेट बोरघाटापर्यंत आला. गडावरच्या साध्या शिपायाला विचार करायला किती वेळ होता? पुण्याचा बाल पेशवा, सुरतेकडचे दादा, टोपीकर आणि आता पानिपतावरून जिवंत परतल्याचे सांगणारे भाऊ! त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात तोतयाला देहदंड झाला. त्याच्यापुढे दरवाजे उघडणारा प्रत्येक पहारेकरी फितूर होता, असे म्हणायला माझी जीभ धजत नाही. किल्लेदाराने कौल दिला की शिपायाने दिंडी उघडायची, एवढीच त्याची मुखत्यारी.

मग त्याचा दिवस जात कशात होता? बखरीत तलवारी खणखणतात, पण छावणीचा दिवस दाणा, वैरण आणि पाणी यांच्यामागे सरत असे. कल्याणच्या खाडीकाठी भरतीच्या वेळी मचवे येतात, म्हणून पहारा भरती-ओहोटीच्या हिशेबाने जागवायचा. भातखाचरांत आणि चिखलात घोडा रुततो, नुसत्या पेंढ्यावर तो खंगतो; हरभऱ्याची चंदी घाट उतरून बैलांच्या पाठीवरून यायची. वैरणीसाठी कही बाहेर पडे ती बहुधा कुणा कुणब्याच्या उडव्यांवर. त्यात शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. तो मेला की शिलेदाराची रोजी गेली. बारगिराचा घोडा सरकारी, पण पोट त्याचेच. नालबंदी आगाऊ मिळे, पुढचा रोजमुरा मात्र तुंबून राही. कर्ज काढून पोट भरणारा माणूस रात्री तटावर जागा राहतो, रंजक कोरडी ठेवतो, वाट पाहतो, हे मला हातघाईच्या शौर्यापेक्षा कमी वाटत नाही. दाण्या-वैरणीचे हे मोल बोरघाटाने दाखवून दिले. 1781 च्या आरंभी इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने घाटमाथा घेतला, पण परशुरामभाऊ पटवर्धनांनी पनवेल ते खोपोली या वाटेवर त्याची रसद इतकी छेडली की एप्रिलमध्ये त्याला मोठी हानी सोसून मागे हटावे लागले. मोहिमेचा निकाल धान्याच्या गोणीने लावला. त्याआधी, 1780 च्या मे महिन्यात, कल्याणला उलटे घडले होते. इंग्रजांनी घेतलेल्या गावाला मराठी फौजेने वेढा दिला, शेवटचा हल्ला तोंडावर असताना इंग्रज अधिकारी हार्टलेने रात्री छापा घातला आणि वेढा उधळला. मृगाला थोडेच दिवस उरले होते. त्या फौजेतले लोक कुठे पांगले, थकलेला पगार कुणाला मिळाला, हे लढाईच्या वर्णनात येत नाही.

यावर कठीण आक्षेप असा की, पगार थकला म्हणून शिपायाला माफ करायचे, तर नारायणरावांवर धावून गेलेल्या गारद्यांनाही माफ करावे लागेल. त्यांचीही तक्रार पगाराचीच होती. नाही, तसे होत नाही. ज्याच्या हाताने खून झाला तो हात गुन्हेगारच. पण न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष गारद्यांवर ठेवून हात झटकले नाहीत, राघोबादादांना त्यांनी तोंडावर दोषी ठरवले. न्यायाची तीच रीत फितुरीलाही लावावी, एवढेच माझे म्हणणे आहे. सौदा करणारा आणि हुकूम पाळणारा यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. 1782 च्या सालबाईच्या तहाने तर हे फारच उघड केले. राघोबांना वर्षासन ठरले, वसई परत आली, साष्टी इंग्रजांकडे राहिली. ज्या ठाण्यासाठी शिबंदी मेली, ते सोडून देताना तिला विचारणारे कोणी नव्हते.

शिपायाने रोजनिशी लिहिली नाही, मग त्याच्या मनातले सांगणारे आपण कोण, असे विचारणे योग्यच आहे. त्याच्या मनातले मी सांगत नाही. त्याच्या कामाची नोंद मात्र पेशवे दफ्तरात आहे, कारकुनाच्या हातची आणि कोरडी. हजेरी, तलब, घोडा पडल्याची नोंद, कामी आलेल्याच्या मुलाला बालपरवेशी. रियासतकार सरदेसायांनी या दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले, तरी पुण्याच्या पुराभिलेखागारातले कितीतरी रुमाल अजून मोडीतच आहेत. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत ज्यांना मोडी वाचता येते, शिकवता येते, त्यांनी साष्टी आणि कल्याण प्रांताच्या शिबंदीचे कागद हाती घ्यावेत आणि त्यांतली नावे छापावीत.