सुटल्यानंतरचा कंटाळा

व्यसन सुटलें म्हणजे मनुष्याचें अभिनंदन करावयास लोक येतात. नारळ येतो, पेढे येतात, कोणी सत्यनारायण घालावयास सुचवितो, आणि 'आतां सांभाळा बरें' एवढें सांगून मंडळी आपापल्या घरीं जातात. परंतु त्या दिवशीं संध्याकाळीं सात वाजतां ह्या गृहस्थानें काय करावयाचें, ह्याचा विचार अभिनंदन करणारांपैकीं कोणीहि केलेला नसतो. कीर्तनकारांनीं, नाटककारांनीं आणि व्याख्यात्यांनीं दारुड्यास गटारापर्यंत पोंचविलें, किंवा तेथून उचलून घरीं आणलें. घरीं आणल्यावर तो खुर्चीवर बसून भिंतीकडे पाहत राहतो, हा प्रवेश मात्र आमच्या पाहण्यांत फारसा आलेला नाहीं.

'एकच प्याला' हें नाटक १९१९ सालीं, गडकरी सावनेरास वारल्यानंतर थोड्याच दिवसांनीं, रंगभूमीवर आलें. सुधाकराचा नाश सर्वांना पाठ आहे. आम्हांस त्यांतील दोन गोष्टी अधिक बोधक वाटतात. एक, सुधाकराच्या हातीं पेला येतो तो त्याची वकिलीची सनद कांहीं काळापुरती गेल्यावर. म्हणजे दिवसभर कामांत बुडालेला मनुष्य एकाएकीं रिकामा झाल्यावर. दुसरी, तळीरामापाशीं नुसती बाटली नसते, आर्यमदिरामंडळ असतें. त्याला सभासद आहेत, बैठका आहेत, वादविवाद आहेत. ज्याला दारू सोडावयाची असेल त्याला ह्या मंडळाचा राजीनामाहि द्यावा लागतो. आणि त्या दिवशीं त्याला आपल्यांत घेण्यासाठीं दुसरें कोणतेंहि मंडळ दाराशीं येऊन उभें राहत नाहीं.

ह्या विषयावर बोलण्याचा आम्हांस थोडासा अधिकार आहे. दारूमुळें नव्हे, खर्ऱ्यामुळें. विदर्भाबाहेरील वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे कीं, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना ह्यांचें पन्नींत घोटलेलें मिश्रण. आमच्याकडे तो पानठेल्यावर मिळतो. बारा वर्षांपूर्वीं आम्हीं तो सोडला, तेव्हां तोंडाची ओढ मोडावयास फार दिवस लागले नाहींत. निकोटीनची तलफ पहिल्या आठवड्यांत सर्वांत प्रखर असते व दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरते, असें डॉक्टर सांगतात, आणि आमच्या बाबतींत तें खरें ठरलें. मोडली नाहीं ती पायांची सवय. दुसरा तास संपला कीं ते आपोआप फाटकाबाहेर वळत. ठेल्यापाशीं उभें राहावें, तो घोटीत असतांना पावसाची आणि कापसाच्या भावाची चौकशी करावी, पुडी खिशांत टाकून परत यावें, ह्यांत पंधरा मिनिटें जात. आणि असें दिवसांतून सहा वेळां होई. खर्रा सुटल्यावर हीं नव्वद मिनिटें आमच्या हातांत आलीं, आणि तीं कोठें ठेवावीं हें आम्हांस समजेना.

दारूचा हिशेब नव्वद मिनिटांत भागत नाहीं. पैसे कोठून आणावे, बाटली कोठें लपवावी, घरीं काय सांगावें, कोणत्या गल्लींतून गेलें असतां सासऱ्यांचें घर चुकेल, अशीं शंभर कामें पिणाऱ्याच्या मागें असतात. त्याला आळशी म्हणणारानें त्याचा एक दिवस जवळून पाहिलेला नसतो. तो दिवस सकाळपासून सात वाजण्याकडे उतरत असतो. जिनिंगचा कारखाना एका रात्रींत बंद व्हावा आणि सकाळीं सगळे मजूर नेहमींप्रमाणें फाटकाशीं येऊन उभे राहावे, तशी दारू सुटलेल्याच्या मनाची स्थिति होते.

आमचे धाकटे मावसबंधू गेल्या वैशाखांत एका व्यसनमुक्ति केंद्रांतून सरळ आमच्या घरीं राहावयास आले. त्यांच्या पत्नी मुलीला घेऊन माहेरीं, दारव्ह्यास गेल्या होत्या. दिवाळीनंतर काय तें पाहूं, असें त्यांनीं कळविलें होतें. पहिल्या आठवड्यांतील धोका केंद्रांतील डॉक्टरांनीं सांभाळला होता. वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्यानें घरच्या घरीं एकदम दारू तोडल्यास झटके, भ्रम असे प्रकार होऊन जिवावर बेतूं शकतें. तें काम वैद्यकाचेंच. आमच्या वांट्यास आला तो कंटाळा.

आणि यवतमाळचा वैशाख! पारा पंचेचाळिसाच्या आसपास, दुपारीं दत्त चौकहि ओस, कापसाचा हंगाम संपलेला, महाविद्यालयास सुट्टी, आणि घरांत कूलरच्या घरघरीशिवाय दुसरा आवाज नाहीं. चौथ्या शतकांत इजिप्तच्या वाळवंटांत तपश्चर्या करणाऱ्या इव्हेग्रियस नांवाच्या ख्रिस्ती साधूनें ह्या अवस्थेस दुपारच्या सैतानाचें नांव दिलें आहे. ह्या सैतानानें पछाडलें कीं सूर्य जागचा हालत नाहींसा वाटतो, तपस्वी पुन्हां पुन्हां खिडकीबाहेर पाहतो, आणि त्याला आपल्या झोंपडीचा, कामाचा, सोबत्यांचा वीट येतो. मावसबंधू ज्येष्ठ संपेपर्यंत आमच्या पडवींतून फाटकाकडे असेच पाहत असत. बौद्ध ग्रंथांत माराच्या तीन मुली सांगितल्या आहेत: तृष्णा, अरति आणि राग. अरति म्हणजे कशांतच मन न रमणें. तिला तृष्णेची सख्खी बहीण ठरविणारास मनुष्यस्वभावाची उत्तम ओळख असली पाहिजे. एक घराबाहेर गेली तरी दुसरी ओटीवर बसून असते, आणि तिला परत येण्याचीं बोलावणीं धाडीत असते.

आजचें शास्त्र हीच गोष्ट निराळ्या परिभाषेंत सांगतें. सुखाच्या अपेक्षेशीं मेंदूंतील डोपामीन नांवाच्या द्रव्याचा निकट संबंध आहे. दारूनें त्याचा वारंवार पूर आणला म्हणजे मेंदू आपलीं दारें आंखडून घेतो. तें द्रव्य टिपणारे ग्राहक कमी होतात. मग दारू थांबल्यावर आंबा, चांदणें, पोरांचें हसणें ह्या साध्या गोष्टींना त्या अरुंद दारांतून आंत शिरतां येत नाहीं. दारें पुन्हां उघडूं लागतात, पण त्याला महिने लागतात. 'सगळें चांगलें चाललें आहे, मग तोंड कां उतरलेलें?' असें विचारणारे आप्त ह्या काळांत फार त्रास देतात. त्यांचा हेतु चांगला असतो, म्हणून त्यांना उत्तरहि देतां येत नाहीं.

ह्या आप्तांचा दुसरा उपदेश म्हणजे छंद. डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट ह्यांनीं पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांच्या साहाय्यानें १९८६ सालीं पुण्यांत 'मुक्तांगण' सुरू केलें. २०२२ सालीं निवर्तलेल्या अनिल अवचटांना ओरिगामी, बांसरी, लांकडांतील कोरीव काम, चित्रें असे किती छंद होते हें त्यांच्या वाचकांना ठाऊकच आहे. तें आनंदी उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून जो तो सांगतो, छंद लावून घ्या. उपदेश खोटा नाहीं. पण तो फार लवकर केला जातो असें आमचें मत आहे. छंदाला गोडी लागते, आणि गोडी हीच तर गेलेली असते. मावसबंधूंना एका बहिणीनें बांसरी आणून दिली; ती खिडकींत पडून राहिली. शेजाऱ्यांनीं बुद्धिबळाचा पट मांडला. ह्यांनीं घोडा उचलला, दहा मिनिटें हातांत धरून ठेवला, आणि होता तेथें परत ठेवून दिला.

त्यांना जमलें तें रटाळ काम. त्याचा शोध आमच्या सौभाग्यवतींनीं लावला. त्यांनीं एक दिवस 'भाऊजी, एवढी तूर निवडून द्या' म्हणून सूप पुढें ठेवलें, आणि संध्याकाळपर्यंत दोन पायली तूर निवडून झाली. मग आमच्या वडिलांच्या वेळचीं मासिकें निघालीं. 'किर्लोस्कर', 'यशवंत', 'ज्योत्स्ना' ह्यांचे अंक जिन्याखालीं पोत्यांत पडून होते. मावसबंधूंनीं ते झाडले, वर्षवार आणि महिनावार लावले, कोणता अंक नाहीं त्याची एका वहींत नोंद केली. त्यांतील एक ओळहि त्यांनीं वाचली नाहीं, ह्याबद्दल आमच्यांतील प्राध्यापक थोडा हिरमुसला. पण त्याला कोणी विचारलें नव्हतें. ह्या कामांत आनंद असा मुळींच नव्हता, आणि तीच त्याची सोय होती. आनंद होत नाहीं म्हणून स्वतःस दोष देण्याचें कारण पडत नव्हतें.

संध्याकाळची मात्र तूर निवडून सोय होत नसे. सात वाजले कीं आम्ही दोघे शकुंतलेच्या जुन्या स्टेशनाकडे फिरावयास जात असूं. यवतमाळहून मूर्तिजापुरास जाणारी ही अरुंद रुळांची गाडी सुमारें ११३ किलोमीटरांस सहा-सात तास घेई. १९९४ पर्यंत तिला वाफेचें एंजिन होतें. पुढें तीहि बंद पडली. 'दादा, इतका वेळ लोकांना कंटाळा येत नसे काय?' असें मावसबंधूंनीं एकदां विचारलें. आम्हीं म्हटलें, येत असे, पण सर्वांना एकदमच येत असे.

बोलून गेलों, आणि मग तेंच मनांत घोळूं लागलें. डॉ. जॉन्सन ह्यांनीं मद्य सोडल्यावर चहा असा कांहीं धरला कीं १७५७ सालीं चहाच्या एका निंदकाचा त्यांनीं छापून समाचार घेतला. परंतु बॉस्वेलच्या चरित्रांतून दिसतें तें असें कीं, ह्या पंडिताला खरें भय होतें रात्रीं एकट्यानें घरीं परतण्याचें; चहाच्या पेल्यामागून पेले चालत ते मित्रांनीं उठूं नये म्हणून. ही गोष्ट आम्हीं मावसबंधूंस मोठ्या उत्साहानें सांगितली. त्यांना अधिक पटली ती दुसरी. मे १९३५ मध्यें अमेरिकेंतील ॲक्रन गांवीं बिल विल्सन नांवाचा न्यूयॉर्कचा शेअरबाजारवाला, धंद्याचा बेत फसून, मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यांत येरझारा घालीत होता. शनिवार होता, गांव परकें होतें, दारू सोडून पांच महिने झाले होते. एका टोंकास मद्यगृह, तेथून हसण्याबोलण्याचा आवाज. दुसऱ्या टोंकास टेलिफोन आणि गांवांतील चर्चांची यादी. त्यानें टेलिफोन उचलला, आणि उपदेशक नव्हे, बोलावयास एखादा दारुडा मिळेल काय, अशी चौकशी केली. दुसऱ्या दिवशीं डॉ. बॉब स्मिथ भेटले. पंधरा मिनिटांच्या अटीवर आलेले हे गृहस्थ कित्येक तास बसले. १० जून १९३५ रोजीं त्यांनीं शेवटचा पेला घेतला, आणि तोच 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'चा स्थापनादिन मानला जातो. जगभर पसरलेल्या ह्या संघाचा उगम एका रिकाम्या शनिवारांत आहे. त्यांच्या बैठकांना मावसबंधू जाऊं लागले. तेथें त्याच त्या गोष्टी ऐकाव्या लागतात अशी त्यांची तक्रार असे, पण ते एकहि बैठक चुकवीत नसत.

दारूबंदीच्या कायद्याविषयीं आम्हांस येथें वाद घालावयाचा नाहीं. शेजारच्या वर्ध्यास ती कित्येक दशकें आहे. चंद्रपुरास २०१५ च्या एप्रिलांत आली आणि २०२१ सालीं उठली. आमच्या जिल्ह्यांतील बायका तिच्यासाठीं रस्त्यावर उतरल्या आहेत, आणि ज्यांच्या घरांत मार आणि उपास आहे त्यांना ती मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु बाटली आडवी झालेल्या गांवांतहि सात वाजतातच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं आमच्याकडे 'कर' असते. त्या दिवशीं मांसाचा आणि दारूचा बेत घरोघर नसला तरी गल्लोगल्लीं असतो. मावसबंधू सहा वाजतां 'आलों' एवढें म्हणून बाहेर पडले. आठ वाजले, नऊ वाजले. सौभाग्यवतींनीं ताट झांकून ठेवलें. आम्ही फाटकापर्यंत चार वेळां जाऊन आलों. साडेनवास ते आले, हातपाय धुऊन मुकाट्यानें जेवले. त्यांच्या तोंडाला वास येतो काय हें आम्हीं पाहिलें; त्यांनीं तें पाहूं दिलें. सकाळीं चहा घेतांना आपण होऊनच म्हणाले, 'बसस्थानकावर बसलों होतों. दारव्ह्याच्या तीन गाड्या गेल्या.'

आतां मार्गशीर्ष लागला आहे. दिवाळींत मुलगी चार दिवस राहून गेली. तिची आई अजून आलेली नाहीं, पण तिचीं पत्रें येतात. मावसबंधू कापसाच्या खरेदीवर हिशेबाला जाऊं लागले आहेत. कंटाळा गेला असें आम्ही म्हणणार नाहीं. त्याची जात मात्र पालटली आहे. वैशाखांत त्यांना सगळ्याचाच कंटाळा होता, म्हणून कशाचा हें सांगतां येत नसे. आतां त्यांना वांग्याच्या भाजीचा कंटाळा येतो, खरेदीवरच्या मुनिमाचा येतो, आणि तसें ते बोलूनहि दाखवितात. परवां स्टेशनाच्या रस्त्यानें जातांना आम्ही जॉन्सनच्या चहाकडे वळत आहोंत असें पाहून ते म्हणाले, 'दादा, ही गोष्ट झाली आहे,' आणि आम्हांस मागें टाकून पुढें चालूं लागले.