पिसाचा मनोरा आणि त्याखालची माती

फ्लॉरेन्सहून सकाळच्या आगगाडीनें निघालों तों तासाभरांत पिसा आलें. स्टेशनावरून आर्नो नदीचा पूल ओलांडून शहराच्या उत्तर टोंकाकडे पायींच जावें. वाट अर्ध्या तासाची आहे, आणि दोहों बाजूंस पिवळसर रंगाचीं जुनीं घरें असल्यामुळें कंटाळवाणी वाटत नाहीं. गल्ली संपतांच एकाएकीं हिरवें मैदान लागतें व त्यावर शुभ्र संगमरवराच्या तीन इमारती दिसतात: घुमटाचें बाप्तिस्मागृह, मध्यें मोठें ख्रिस्तमंदिर, आणि त्यामागें तो जगप्रसिद्ध घंटेचा मनोरा. चित्रांत तो शेंकडों वेळां पाहिलेला; तरी प्रत्यक्ष पाहतांना छातींत धस्स होतें, कारण चित्रांत त्याचा कल दिसतो, वजन दिसत नाहीं. सुमारें ५६ मीटर उंचीचा आणि साडेचौदा हजार टन वजनाचा हा दगडी स्तंभ आतां पडतो कीं मग, असें वाटत राहतें.

मैदानावर जो तो प्रवासी हात पुढें करून, जणूं मनोऱ्याला टेकू देत आहे अशा आविर्भावांत छायाचित्र काढून घेत होता. आमच्या मंडळींतील मुलांनींही तें केलें. हा खेळ पाहून हंसूं येतें खरें. परंतु या मनोऱ्याचा आठशें वर्षांचा इतिहास चाळला, तर शहाण्यासुरत्या माणसांनींही बहुतेक वेळां असाच कांहींतरी टेकू दिला, असें आढळून येईल.

बांधकामास आरंभ झाला इ. स. ११७३ मध्यें. पाया अवघा तीन मीटर खोल. त्याखालीं सुमारें दहा मीटर गाळाची व वाळूची भूमि, आणि तिच्याहि खालीं समुद्रांत सांचलेली मऊ चिकणमाती. ११७८ पर्यंत खालचे मजले चढले न चढले तों काम थांबलें, तें जवळजवळ शंभर वर्षें. हा खंड मनोऱ्याच्या पथ्यावर पडला. तेवढ्या काळांत खालची चिकणमाती भारानें दबून घट्ट झाली. एका दमांत बांधला असता तर तेव्हांच कोसळला असता, असें आजचे तज्ज्ञ सांगतात. १२७२ सालीं काम पुन्हा सुरू झालें तेव्हां गवंड्यांच्या ध्यानांत कल आला. त्यांनीं खचलेल्या बाजूस दगडांचे थर किंचित् उंच धरले. मनोरा सरळ तर झाला नाहींच, उलट केळ्यासारखा बांकदार मात्र झाला. चौदाव्या शतकांत घंटागृह चढलें. सातव्या मजल्यावरून तेथें जाण्यास उत्तरेकडे चार पायऱ्या, तर दक्षिणेकडे सहा! सहाशें वर्षांपूर्वींच्या गवंड्यांची ती धडपड अशी अजूनहि मोजतां येते.

पुढील उपायांची कथा तर याहून खेदजनक आहे. मनोरा कलला होता तसा खचलाहि होता. त्याचा जमिनींत गेलेला तळ लोकांस दिसावा म्हणून १८३८ सालीं गेरार्देस्का नांवाच्या स्थपतीनें सभोंवतीं खंदक खणविला. दक्षिणेकडून भूमींतलें पाणी उसळून आंत आलें, आणि कल सुमारें अर्ध्या अंशानें वाढला. १९३४ सालीं, मुसोलिनीच्या राजवटींत, पायाला ३६१ भोकें पाडून ९० टन सिमेंट आंत कोंबण्यांत आलें. मनोरा पुन्हा दक्षिणेकडेच सरकला. १९६० नंतरच्या दशकांत आसपासच्या विहिरींतून खोल पाण्याचा उपसा वाढला, तेव्हां कलण्याचा वेग वाढला. उपसा कमी केल्यावर तो पूर्ववत् झाला. येथें खरें म्हणजे भूमीनें स्वतःच खूण दाखविली होती.

आपल्या जुन्या वाड्यांतून हाच प्रकार लहान प्रमाणावर घडत असतो. भिंतीला ओल येते, गिलावा सुटतो. दिवाळीपूर्वीं गवंडी येऊन नवा गिलावा व चुना करून जातो. आणि पुढल्या श्रावणांत तोच डाग त्याच जागीं उमटतो. चुन्याचा खर्च दरवर्षीं हिशेबाच्या वहींत पडतो. परंतु न्हाणीचें पाणी मागल्या परसांत कोठें मुरतें हें पाहण्यास कोणी जात नाहीं. गवंड्याला तरी काय बोल लावावा? त्याला भिंतच दाखविलेली असते.

मार्च १९८९ मध्यें पाव्हिया शहरांतील एक जुना मनोरा कोसळून चार माणसें ठार झालीं, तेव्हां पिसाकरांच्या तोंडचें पाणी पळालें. जानेवारी १९९० मध्यें हा मनोरा लोकांस बंद झाला. प्राध्यापक यामिओल्कोव्स्की यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील जॉन बर्लंड हे तिचे एक सभासद. कल तेव्हां साडेपांच अंश झाला होता. समितीनें जुन्या मोजण्यांच्या नोंदी जुळवून पाहिल्या, आणि एक चमत्कारिक गोष्ट आढळली. आजवर सर्वांचें लक्ष खचणाऱ्या दक्षिण बाजूवर खिळलेलें. पण पायाची उत्तर बाजू हळूहळू वर उचलली जात होती! म्हणून १९९३ सालीं उत्तरेकडे ६०० टन शिशाचे ठोकळे रचले, व मनोरा किंचित् मागें आला. मात्र ते कुरूप ठोकळे डोळ्यांस खुपूं लागले. त्यांऐवजीं जमिनींत दोर गाडावेत म्हणून १९९५ सालीं द्रवरूप नायट्रोजनानें माती गोठवूं लागतांच मनोरा दक्षिणेकडे निघाला. घाईघाईनें आणखी ३०० टन शिसें चढवावें लागलें. सौंदर्याची ही उतावीळ आम्हांस क्षम्य वाटत नाहीं.

अखेरीस तेर्राचिना नांवाच्या इटालियन स्थापत्यविशारदानें १९६२ सालींच सुचविलेला उपाय हातीं घेतला: उत्तरेकडील पायाखालची माती थोडथोडी काढून घ्यावयाची. १९९९ सालीं चांचणी झाली. पुढील दोन वर्षांत ४१ तिरप्या नळ्यांतून सुमारें ३८ घनमीटर माती निघाली. कल अर्ध्या अंशानें कमी झाला. मनोऱ्याचा माथा हातभर मागें आला. डिसेंबर १९०० नव्हे, २००१ चा तो उजाडला तेव्हां कोठें लोकांना पुन्हा वर चढतां आलें. पुरता सरळ करण्याचा विचार अर्थातच कोणीं केला नाहीं. सरळ मनोरा पाहण्यास पिसास कोण येणार?

पण कल कमी केला म्हणजे रोग गेला असें नव्हे. मनोऱ्याचा माथा दरवर्षीं एक-दोन मिलिमीटर दक्षिणेकडे जात होता, तो कां? याचेंहि उत्तर नोंदींतच होतें. सप्टेंबर ते डिसेंबर या पावसाच्या महिन्यांत उत्तरेकडील भूमींतलें पाणी एकदम चढे, पायाला त्या बाजूनें लेशमात्र उचली. पाणी ओसरल्यावर मनोरा तेवढा मागें येत नसे. असें वर्षानुवर्षें, तिळातिळानें. २००२ सालीं उत्तरेकडे विहिरी खणून त्या पाण्यास वाट काढून दिली, आणि त्याची पातळी पुष्कळशी स्थिर झाली. मनोऱ्याचें सरकणें थांबल्याचें तज्ज्ञांनीं २००८ मध्यें जाहीर केलें. मापनयंत्रें मात्र काढलेलीं नाहींत. नोंदी अद्याप चालूच आहेत.