पंचविसांपैकी पंचवीस

ज्याला कोणी कधी जिंकले नाही, तो अजिंक्य. हा शब्द आपण वीरांना लावतो, किल्ल्यांना लावतो, आणि एखाद्या उत्साही वक्त्याच्या तोंडून तो गावच्या क्रिकेट-संघालाही लाभतो. पराभवाची पहिली घटका येईपर्यंतच तो खरा असतो, म्हणून तो टिकविणे कठीण. हा शब्द अखेरपर्यंत टिकविलेल्या एका जीवाची हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे. हा जीव माणूस नव्हे, घोडी आहे. ऑस्ट्रेलियातील या घोडीचे नाव ब्लॅक कॅव्हियार. २००९ ते २०१३ या काळात ती २५ शर्यती धावली आणि पंचविसांतही पहिली आली.

घोड्यांच्या शर्यतीवर आम्ही लिहावे, याचे आमच्या काही आप्तांना नवल वाटेल. आम्ही हैदराबादेस वाढलो. तेथे मलकपेठेत घोडदौडीचे मैदान आहे. परंतु आमच्या घरी ‘रेस’ या शब्दाचा उच्चार दारूच्या जोडीनेच होत असे. कोणी महिन्याचा पगार मैदानावर उधळला, कोणाच्या बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, अशा गोष्टी वडीलधाऱ्यांकडून ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो, आणि पैजेच्या त्या व्यसनाविषयी आमचे मत आजही त्यांच्याहून निराळे नाही. मात्र पैज लावतात ती माणसे. घोडा बिचारा धावतो. माणसाच्या दोषापायी घोड्याकडे पाहणेच सोडून द्यावे, हे आम्हांस पटत नाही.

शिवाय आपल्या भाषेचे आणि घोड्याचे नाते जुने आहे. आपल्याकडे काम अडले की घोडे पेंड खाते आणि तडीस गेले की गंगेत न्हाते. भीमथडीच्या तट्टांनी उत्तरेतील नद्यांचे पाणी प्यायले, हे आपण अभिमानाने सांगतो. ती तट्टे अंगाने लहान, पण काटक. मिळेल त्या दाण्यावैरणीवर मजल-दरमजल करीत जाणे हा त्यांचा गुण. ब्लॅक कॅव्हियारचा धर्म याहून अगदी निराळा. तिची सारी विद्या एका मिनिटाच्या आसपासची. तिच्या बहुतेक शर्यती १००० ते १२०० मीटरांच्या. १४०० मीटरांपर्यंत ती एकदाच धावली. धाप लागण्यापूर्वीच ज्याचा निकाल लागतो, असा हा खेळ आहे.

तिचा जन्म १८ ऑगस्ट २००६ रोजी व्हिक्टोरिया प्रांतातील नागाम्बी या लहानशा गावाजवळ झाला. पिता बेल एस्प्रिट, माता हेल्सिंगे. २००८ साली मेलबर्न येथील शिंगरांच्या लिलावात ती २,१०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरांस विकली गेली. विकत घेणारा कोणी एकटा कुबेर नव्हता. काही स्नेह्यांनी भागी करून तिला घेतले. कॅव्हियार म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली अंडी. कोकणात नि गोव्यात जिला गाबोळी म्हणतात, तिचीच ही परदेशी, फार महाग बहीण. या नावास साजेसा पोशाखही ठरला : जॉकीच्या अंगात फिकट गुलाबी सदरा आणि त्यावर काळे ठिपके. पुढे हे ठिपके ऑस्ट्रेलियातील शाळकरी पोरांनाही दुरून ओळखता येऊ लागले.

तिच्या शिक्षणाचा भार पीटर मूडी या प्रशिक्षकावर होता. १८ एप्रिल २००९ रोजी मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन मैदानावर ती प्रथम धावली आणि जिंकली. त्यानंतर विजयामागून विजय येत गेले. तथापि या यादीत जे लिहिलेले नसते, तेही वाचावयास हवे. २०१० च्या जानेवारीनंतर ती थेट ऑक्टोबरातच पुन्हा मैदानात दिसते. साडेपाचशे किलोंहून अधिक वजनाची ही थोराड घोडी. तेवढे ओझे चार सडपातळ पायांवर भरधाव न्यावयाचे, तेव्हा दुखापत तिच्या पाचवीलाच पुजलेली होती. जिंकणाऱ्या जनावरास महिनोन्‌महिने पागेत स्वस्थ ठेवण्यास धीर लागतो. कारण बक्षिसे त्याची वाट पाहत थांबत नाहीत. तो धीर तिच्या माणसांपाशी होता. चार-पाच वर्षांत अवघ्या पंचवीस शर्यती, हा हिशेबच त्याची साक्ष देतो.

ती इतकी वेगाने धावे तरी कशी? निसर्गाने प्रत्येक घोड्याला काही सोयी दिल्या आहेत. घोडा चौखूर धावू लागला की त्याचा श्वास पावलांच्या तालावर चालतो; एका झेपेला एक श्वास. त्याची प्लीहा ही रक्ताची जणू शिलकी पेढी असते. दौडीच्या वेळी ती आकुंचन पावते व साठविलेल्या तांबड्या पेशी रक्तात ओतते. त्यामुळे स्नायूंना पोहोचणारा प्राणवायू वाढतो. ही देणगी सर्वच घोड्यांना लाभते. ब्लॅक कॅव्हियारपाशी याखेरीज होते ते मागच्या अंगाचे विलक्षण बळ आणि लांबलचक झेप. १६ फेब्रुवारी २०१३ रोजी फ्लेमिंग्टनवर तिने १००० मीटर अंतर ५५.४२ सेकंदांत तोडले. म्हणजे सरासरी ताशी सुमारे ६५ किलोमीटर! आपल्या शाळेच्या मैदानावरील शंभर मीटरांची पट्टी या वेगाने साडेपाच सेकंदांत संपेल.

घोडदौडीचा एक नियम आम्हांस फार विचार करण्यासारखा वाटतो. काही शर्यतींत ज्याचा पराक्रम मोठा, त्याच्या पाठीवर वजनही अधिक देतात, म्हणजे दुबळ्यांनाही संधी मिळावी. २०११ च्या मार्चमध्ये न्यूमार्केट हँडिकॅप या शर्यतीत तिच्या पाठीवर ५८ किलोंचा भार होता. तरीही ती जिंकली. याच काळात हे लिस्ट नावाचा एक उमदा घोडा पुन्हा पुन्हा तिच्यामागे दुसरा येत राहिला. २०१२ च्या मार्चमध्ये, ती मैदानात नसताना, त्याने हीच न्यूमार्केट शर्यत जिंकली. एरवी तो आपल्या काळाचा नायक ठरला असता. हे लिस्टसारखे जीव कितीतरी असतात. त्यांची नावे कोणी ध्यानात ठेवीत नाही, म्हणून आम्ही येथे मुद्दाम नोंदविले.

२०१२ च्या एप्रिलमध्ये तिचा विसावा सलग विजय झाला, आणि त्या भागातील एकोणीस विजयांचा जुना उच्चांक मागे पडला. आता सागरापलीकडे जाणे ओघानेच आले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ती इंग्लंडला निघाली. विमानप्रवासात स्नायू आखडू नयेत म्हणून तिला अंगाला घट्ट बसणारा खास पोशाख चढविला होता. २३ जून रोजी रॉयल ॲस्कॉटच्या मैदानावर डायमंड ज्युबिली स्टेक्स ही सुमारे १२०० मीटरांची शर्यत झाली. मेलबर्नमध्ये तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. तरीही हिवाळ्याच्या थंडीत चौकातील मोठ्या पडद्यासमोर माणसे दाटीने उभी होती.

ल्यूक नोलेन हा तिचा नेहमीचा जॉकी. पंचविसांपैकी बावीस वेळा तोच तिच्या पाठीवर होता. ॲस्कॉटची सरळ वाट अखेरीस चढाची आहे. शेवटचा टप्पा आला, घोडी पुढे होती, आणि विजय हाती आला असे समजून नोलेनने क्षणभर हात सैल सोडले. घोडी मंदावली. तोच बाजूने मूनलाइट क्लाउड ही फ्रान्समधील घोडी मुसंडी मारून आली. नोलेन सावध झाला, त्याने पुन्हा जोर लावला. आणि केवळ डोकेभर अंतराने गंगेत घोडे न्हाले! खुद्द राणी एलिझाबेथ घोडीजवळ आली नि तिने तिला थोपटले. नोलेनवर मात्र टीकेचा वर्षाव झाला. त्याने आपली चूक उघडपणे कबूल केली.

खरी गोष्ट नंतर उमगली. तपासणीत असे दिसले की, घोडीच्या मागील भागाचे स्नायू फाटले होते. म्हणजे सारे जग जिला हसतखेळत जिंकताना पाहावयास जमले होते, ती दुखऱ्या अंगाने तो चढ चढून आली होती. तिला सांगता येत नव्हते. जॉकीला लगामातून थोडेफार कळते, प्रशिक्षकाला चालीवरून कळते. पण शर्यतीच्या त्या सव्वा मिनिटात कोणालाच पुरते कळले नाही. पंचविसांतील हा सर्वांत निसटता विजय आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. पुढे तिच्या माणसांनी केलेल्या दोन गोष्टी आम्हांस त्या विजयाइतक्याच मोलाच्या वाटतात : घोडीला फेब्रुवारीपर्यंत पुरी विश्रांती मिळाली, आणि उरलेल्या तिन्ही शर्यतींत तिच्या पाठीवर नोलेनच बसला. चुकलेल्या माणसास पुन्हा तेच काम विश्वासाने सोपविणे, हे शर्यत जिंकण्याहून सोपे नाही.

१३ एप्रिल २०१३ रोजी सिडनीच्या रँडविक मैदानावर तिने पंचविसावी शर्यत जिंकली, आणि चारच दिवसांनी तिच्या निवृत्तीची घोषणा झाली. पहिल्या प्रतीच्या, म्हणजे ‘ग्रुप वन’ दर्जाच्या, पंधरा शर्यती तिच्या नावावर होत्या. बक्षिसांची रक्कम सुमारे साडेएकोणऐंशी लाख ऑस्ट्रेलियन डॉलर झाली होती. इतिहासात याहून मोठा आकडाही आहे. एकोणिसाव्या शतकात हंगेरीची किंचेम ही घोडी ५४ वेळा धावली आणि ५४ वेळा जिंकली. तेव्हा आकड्यांच्या उतरंडीत कोणाच्या ना कोणाच्या वर दुसरे कोणी असतेच.

निवृत्तीनंतर ती आई झाली. तिची पिले तिच्यासारखी निघतील, अशी लोकांची अपेक्षा होती. परंतु त्यांपैकी एकालाही आईची बरोबरी साधली नाही. तिच्या एका सावत्र भावाची कथा तर अधिकच करुण आहे. २०१३ साली, तिच्या कीर्तीच्या भरात, त्या शिंगराला लिलावात पन्नास लाख डॉलर मिळाले. त्याच वर्षी खुरांच्या रोगाने ते दगावले. एकही शर्यत ते धावले नाही. रक्ताला किंमत लावता येते. भाग्याला लावता येत नाही.

तोच रोग अखेरीस तिच्याही वाट्यास आला. घोड्याचा खूर म्हणजे वस्तुतः एकाच बोटाचे जाड नख. या नखाच्या आत नाजूक पापुद्रे असतात, आणि बोटाचे हाड त्या पापुद्र्यांनी नखाला जणू टांगलेले असते. शरीरात अन्यत्र उद्भवलेल्या विकारामुळेही त्यांना दाह होतो. मग हाड आपल्या जागेवरून सरकू लागते, आणि उभे राहणे हीच यातना होऊन बसते. १७ ऑगस्ट २०२४ रोजी, आपल्या अखेरच्या शिंगराला जन्म दिल्यानंतर लवकरच, तिला या वेदनेतून कायमचे मुक्त करावे लागले. दुसऱ्या दिवशी तिला अठरा वर्षे पूर्ण झाली असती. जगातील सर्वांत वेगवान म्हणून गाजलेले पाय तिला उभेही ठेवू शकले नाहीत.

कोणी विचारील, मग या सर्व खटाटोपाचा अर्थ काय? ही शर्यत तिने स्वतः निवडली नव्हती. तिची पैदास, लिलाव, दौड, मातृत्व, सारे माणसांनी ठरविले. हा आक्षेप खरा आहे, आणि तिच्या वैभवाच्या वर्णनाने तो पुसला जात नाही. नागाम्बी येथे तिचा धावतानाचा पुतळा उभा आहे. तो पाहणाऱ्याने या आक्षेपाचाही विचार करावा. जो आपल्यासाठी धावतो आणि ज्याला बोलता येत नाही, त्याचे दुखणे ओळखण्याची जबाबदारी आपली. टांग्याचे घोडे, औताचे बैल, शर्यतीची घोडी, सर्वांच्या बाबतीत हे कर्तव्य एकच आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या मनात घोळत राहते. पंचवीस हा आकडा घोडीला ठाऊकच नव्हता. अजिंक्य या शब्दाचे ओझे तिच्या पाठीवर कधीच नव्हते. ते मालकांच्या, जॉकीच्या आणि मध्यरात्री जागणाऱ्या लोकांच्या उरावर होते. तिला फक्त समोरची हिरवळ दिसत होती. मुलांचे असे नसते. मुलांना आपला आकडा ठाऊक असतो. घरी तो विचारला जातो, शेजारी तो सांगितला जातो. याच अंकात पैकीच्या पैकी गुण मिळविलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचे किंवा विद्यार्थिनीचे छायाचित्र असेल. वाचकांनी त्यांचे मनापासून अभिनंदन करावे. आणि जवळ बसवून, पाय दुखतात का, हेही एकवार विचारावे.