आमच्या घरचा उपोषित पाहुणा

घरीं आलेला पाहुणा पानावर बसून अन्नाला हात लावीत नाहीं, असें झालें म्हणजे यजमानाच्या जिवाची जी तळमळ होते, ती आमच्या वाचकांस, आणि विशेषतः वाचकभगिनींस, नव्यानें सांगावयास पाहिजे असें नाहीं. मीठ अधिक पडलें काय, कोणी कांहीं बोललें काय, प्रकृति बरी नाहीं काय, अशा शंका एकामागून एक उभ्या राहतात. आणि पाहुणा बोलका असला तर दोन शब्दांत त्यांचें निरसनहि होतें. परंतु पाहुणा मुका असेल, त्याची लांबी आपल्या बोटाच्या एका पेराहून अधिक नसेल, आणि तो काचेच्या भांड्यांत पाण्याखालीं राहात असेल, तर काय करावें, हा प्रश्न गेल्या आषाढांत आमच्या घरीं उत्पन्न झाला.

आमची नात इयत्ता चौथींत शिकते. तिचे आईबाप नोकरीनिमित्त बंगळूरास असतात व ती आमच्याजवळ पुण्यास राहते. वाढदिवसाला काय पाहिजे असें विचारतां तिनें फुगणारा मासा मागितला. फुगणारा मासा म्हणजे कोंकणांत ज्यास केंड म्हणतात तो, एवढें आम्हांस ठाऊक होतें. कारण आमचें बालपण रत्नागिरीकडील एका खाडीकांठच्या गांवीं गेलें. जाळ्यांत सांपडलेला केंड पोट फुगवून चेंडूसारखा वाळूवर पडलेला आम्हीं पुष्कळदां पाहिला होता. कोळी लोक त्यास चार शिव्या देऊन फेकून देत. कारण एक तर तो विषारी म्हणून खाण्याच्या उपयोगाचा नव्हे, आणि शिवाय दांतांनीं जाळीं फाडून ठेवणारा. असला प्राणी कोणी पैसे देऊन घरीं आणील, हें आमच्या स्वप्नींहि आलें नव्हतें. पण नातीचा हट्ट म्हणजे वेदवाक्य. दुकानांत गेलों, तों तेथें समुद्रांतला केंड नव्हता. त्याचा एक अगदीं चिमुकला, गोड्या पाण्यांतला भाऊबंद होता. बाजारांत त्यास ‘पी पफर’, म्हणजे वाटाण्याएवढा केंड, म्हणतात. असे दोन घेऊन आम्ही घरीं आलों.

हा मासा मूळचा केरळाकडील. पंपा नदींतील माशांवरून होरा व नायर या शास्त्रज्ञांनीं १९४१ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि त्रावणकोरावरून त्यास नांव दिलें. पूर्ण वाढला तरी तो सुमारें साडेतीन सेंटिमीटरांपलीकडे जात नाहीं. अंग पिवळसर हिरवें, त्यावर काळे ठिपके, खवले मुळींच नाहींत. आणि डोळे असे, कीं एक आमच्याकडे पाहतो आहे तर दुसरा नातीकडे. ज्या कुळांत तो मोडतो त्या कुळाच्या ग्रीक नांवाचा अर्थ ‘चार दांतांचा’ असा आहे. वर दोन व खालीं दोन असे दांत मिळून त्यांची एक चोंचच बनलेली असते. हें कळतांच आम्हीं एकाचें नांव चतुर्दंत ठेविलें. पंचतंत्रांत हें नांव एका गजराजाचें आहे. आमचा गजराज एका चमच्यांत मावत होता, ही गोष्ट निराळी. दुसऱ्याचें नांव नातीनें वाटाणा असें ठेविलें.

दुकानदारानें एक वाटोळें काचेचें भांडें आणि रंगीत पापुद्र्यांच्या खाद्याची एक डबी आमच्या हवालीं केली होती. “आजोबा, काय घालाल तें खाईल,” असें त्याचें आश्वासन होतें. त्या दिवशीं दोघांनींहि पापुद्र्यांकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आषाढी एकादशी होती. “आज नाहीं खाल्लें तें बरेंच झालें, एवढें तरी पुण्य गांठीं पडेल,” असें आमचें कुटुंब म्हणालें, आणि सर्व हंसलों. द्वादशीसहि पारणें झालें नाहीं, तेव्हां मात्र हंसणें बंद झालें. आम्हीं पापुद्रे चुरून बारीक केले. भाताचें शीत घालून पाहिलें. नातीनें तर नांवाशीं सुसंगत म्हणून उकडलेला वाटाणा कुसकरून घातला. मासे जवळ येत, क्षणभर न्याहाळीत, आणि परीक्षकानें कोरी उत्तरपत्रिका बाजूस सारावी तसे वळून जात. आम्ही जों जों अधिक काळजींत पडलों, तों तों भांड्यांत अधिक अन्न पडूं लागलें. मुलास गणित समजलें नाहीं म्हणजे तेंच गणित अधिक मोठ्यानें सांगावयाचें, ही आमची छत्तीस वर्षांची संवय. ती सेवानिवृत्तीबरोबर निवृत्त झाली नव्हती.

पांचव्या दिवशीं सकाळीं वाटाणा तळाशीं एका कुशीवर पडलेला आढळला.

“आजोबा, उपाशी मेला का हो तो?” असें नातीनें विचारलें. आम्हीं होय म्हणून मान हलविली. तुळशीच्या कुंडीशेजारच्या दुसऱ्या एका कुंडींत त्यास पुरलें, आणि चतुर्दंताचीहि तीच गत होणार या भीतीनें एका जुन्या विद्यार्थ्यास बोलावून घेतलें. हा हल्लीं एका महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवतो. त्यानें माशाकडे पाहण्यापूर्वीं पाण्याकडे पाहिलें. एका लहान नळींत थोडें पाणी घेऊन त्यांत कसलेसे थेंब टाकले आणि घड्याळ पाहात बसला. पाणी पिवळें राहिलें तर ठीक, असें तो म्हणाला. तें पाहतां पाहतां हिरवें गर्द झालें.

“गुरुजी,” तो हलक्या आवाजांत म्हणाला, “तो उपासानें नाहीं मेला. हा मासा कांहीं दिवस उपाशी राहूं शकतो. पाण्यांतल्या अमोनियानें मेला.”

मग त्यानें जें सांगितलें तें असें. मासा श्वासाबरोबर कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, आणि न खाल्लेलें अन्न कुजलें म्हणजे त्यांतूनहि अमोनियाच निघतो. जुन्या, मुरलेल्या टाकींत हें विष पचविणारे सूक्ष्म जंतू वाळूवर व गाळणीच्या स्पंजावर वस्ती करून असतात. ते अमोनियाचें नायट्राइट आणि त्याचें पुढें फारसें अपायकारक नसलेलें नायट्रेट करतात. नव्या भांड्यांत ही वस्ती बसावयास बहुधा चारसहा आठवडे लागतात. आम्हीं ज्या दिवशीं भांडें आणलें त्याच दिवशीं मासे सोडले, आणि वरून रोज पापुद्रे, भात व वाटाणे. म्हणजे उपाशी माशास आम्हीं अन्नानेंच मारलें होतें.

तो निघून गेल्यावर हें नातीस सांगावें कीं नाहीं, याचा आम्हीं बराच वेळ विचार केला. सकाळचें आमचें उत्तर तिनें खरें मानलें होतें. दिवेलागणीस जवळ बसवून आम्हीं तिला सारें सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. उठून खाद्याची डबी तिनें कपाटाच्या वरच्या खणांत, आपला हात पोंचणार नाहीं अशा ठिकाणीं, स्टुलावर चढून ठेविली.

दुसऱ्या दिवशीं आमच्या विद्यार्थ्यानें चाळीस लिटर पाण्याची एक चौकोनी टाकी आणून बसविली. या माशास, तो एकटा असला तरी, वीस लिटर पाणी पाहिजेच, असा त्याचा दंडक. आपल्या घरच्या जुन्या टाकींतील गाळणीचा मळका स्पंज त्यानें तसाच ओला आणून आमच्या टाकींत लाविला. विरजण लावावें तसेंच हें, असें आमच्या कुटुंबानें ताबडतोब ओळखलें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन घालविणारे थेंब टाकावे, रोज नळींतलें पाणी तपासावें, आणि रंग बदलला तर चौथा हिस्सा पाणी काढून नवें घालावें, असें त्यानें सांगितलें. पाणवनस्पती दाट लाविल्या, दिवा बंद ठेविला, आणि दोन दिवस कोणीं कांचेशीं तोंड नेऊं नये असा नियम केला. तो नियम मोडतांना आम्ही स्वतःच दोनदां सांपडलों. पोट खपाटीस गेलें असून विष्ठा पांढरी व दोऱ्यासारखी पडूं लागली तर पोटांत जंत आहेत असें समजून औषध द्यावें लागतें. रानांतून पकडलेल्या माशांत हें पुष्कळदां आढळतें. चतुर्दंताचें तसें नव्हतें. या कुळांतील मोठ्या जातींत दांत सारखे वाढत जाऊन तोंड उघडेनासें होतें, तेंहि येथें नव्हतें.

“मग हा खात कां नाहीं?” आम्हीं विचारलें.

“कारण तुम्ही त्याला अजून अन्न दिलेलेंच नाहीं,” असें उत्तर मिळालें. हा मासा शिकारी आहे. तो डोळ्यांनीं शिकार हेरतो. जें हालत नाहीं तें त्याच्या लेखीं काडीकचरा. नदींत तो किडे, अळ्या, गोगलगायी यांवर जगतो, आणि बाजारांतले बहुतेक मासे नदींतूनच पकडून आणलेले असतात. पापुद्रा त्यानें जन्मांत पाहिलेला नसतो. या जातीची गणना आतां ‘असुरक्षित’ प्राण्यांत होते, असेंहि त्यानें जातां जातां सांगितलें. आधीं कळतें तर आम्ही हा व्यवहार करतोंना. आतां मुठेंत नेऊन सोडावा तर तोहि अधर्मच, कारण मुठा म्हणजे पंपा नव्हे.

जिवंत अन्न द्यावयाचें, हें ऐकून आमच्या कुटुंबानें हातांतली वात खालीं ठेविली. चातुर्मास सुरू झालेला. घरांत कांदालसूणहि बंद. “आणि तुम्ही आतां किडे आणून त्यांचा नैवेद्य दाखवणार?” आम्हीं शतपथ ब्राह्मणांतील मनूची कथा पुढें केली. मनूच्या ओंजळींत आलेल्या लहानशा माशानें ‘माझें रक्षण कर’ म्हणून विनविलें. मनूनें त्यास आधीं घड्यांत, मग खणलेल्या खड्ड्यांत, आणि शेवटीं समुद्रांत नेऊन सोडलें. “पण मनूनें त्याला खायला काय घातलें?” कुटुंबानें विचारलें. इतकीं वर्षें संस्कृत शिकविलें, पण हा प्रश्न आम्हांस कधीं सुचला नव्हता. कथेंत त्याविषयीं एक अक्षर नाहीं.

आम्हीं मग दुसरी बाजू मांडली. गच्चीवरील कुंड्यांखालच्या बशांत पावसाचें पाणी सांचून डांसांच्या अळ्या होतात. डेंग्यूच्या भीतीनें त्या बशा आमचें कुटुंबच दर आठवड्यास तापल्या फरशीवर पालथ्या करतें. मरावयाच्याच अळ्या माशाच्या मुखीं गेल्या तर बिघडलें कोठें?

“मी ओततें तें घरांतल्या माणसांच्या जिवाच्या भीतीनें, तुम्ही घालणार तें हौसेच्या माशापायीं. दोन्ही एक कसें होईल?”

यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, व आजहि नाहीं. रात्रीं निजतांना तिकडूनच शब्द आले, “आणतांना कोणाला विचारलें नाहींत. आतां आणलाच आहे, तर उपाशी मारतां येणार नाहीं. पण माझ्या चहाच्या गाळणीला हात लावाल तर पाहा.”

गाळणीस हात सकाळींच लागला होता, हें सांगावयाची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशीं नव्या गाळणींतून, स्वच्छ पाण्यानें धुऊन, तीन अळ्या टाकींत सोडल्या. एक वळवळत वनस्पतींच्या बाजूस गेली. चतुर्दंत पानाआडून हळूच बाहेर आला. आजवर दोन दिशांस फिरणारे त्याचे डोळे एकाच ठिकाणीं येऊन खिळले. शेपूट थोडी वांकडी झाली. आणि तो तसाच तरंगत राहिला. नातीनें आमचा अंगठा घट्ट धरला होता. एकाएकीं अळी दिसेनाशी झाली. लगेच त्यानें ती बाहेर टाकली, पुन्हा पाहिली, पुन्हा घेतली, आणि या खेपेस ती परत आली नाहीं. दुसरी अळी गिळावयास त्यास एक क्षणहि लागला नाहीं. स्वयंपाकघरांतून “खाल्लें का?” असा प्रश्न आला.

आठ दिवसांत त्याचें पोट वाटोळें झालें. पाणवनस्पतींबरोबर आलेल्या बारीक गोगलगायी आम्हीं एका बरणींत वेगळ्या वाढविल्या असून, चोंच झिजावी म्हणून त्यांतील एकदोन त्यास मिळतात. मेलेलें खाद्य चिमट्यांत धरून हालविल्यास तो हल्लीं फसतो. तासाभरांत जें खाल्लें जाणार नाहीं तें काढून टाकण्याचें काम नातीकडे आहे. गाळणी गच्चीच्या दाराबाहेर खिळ्यास टांगलेली असते. चुकून आंत येऊं नये म्हणून तिला लाल दोरा बांधला आहे.

श्रावणांत महापालिकेचा मनुष्य डांसांची तपासणी करण्यास आला. त्यानें कुंड्या उचलून पाहिल्या, बशा वांकड्या करून पाहिल्या; कोठेंहि एक अळी सांपडली नाहीं. “आमच्याकडे नाहीं सांपडायच्या,” आमचें कुटुंब अभिमानानें म्हणालें, “मासा ठेवील तर ना!” त्या गृहस्थानें टाकीकडे पाहिलें, लाल दोऱ्याच्या गाळणीकडे पाहिलें, आणि आपल्या वहींत कांहींतरी बराच वेळ लिहिलें. काय लिहिलें तें आम्हांस समजलें नाहीं.